डॉक्टर नसलात तरी नेतात
वर एका ताईंनी विचारलंय, 'मी डॉक्टर नाही, आफ्रिकेतल्या वैद्यकीय मोहिमेवर मला कोण नेणार?' अहो, नेतात की! १९७१ साली सुरू झालेली 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही वैद्यकीय मदत संस्था पाणी, जनरेटर, भांडार सांभाळणारी अनुभवी माणसंही घेते. फ्रेंच येत असेल तर उत्तमच. पण आधी आपल्या खान्देशातच, धडगाव-मोलगीकडे, एखाद्या लसीकरण शिबिरात राबून बघा. मी पहिल्याच दिवशी फ्रीझरमधला बर्फाचा पॅक थेट लसीच्या डब्यात घालायला निघालो. सिस्टर खेकसल्या, "भाऊ, आधी हलवून पाहा, आत पाणी डुचमळलं पाहिजे!" पेंटाव्हॅलंट, म्हणजे बाळांना देतात ती पाच रोगांवरची लस, गोठली की वाया, तिला २ ते ८ अंशच लागतात. काँगोतही नियम तोच. आणि हो, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण दोन्हीकडे भेटतील.