हाताला झालेली इजा – तुमच्या घरातला अनुभव सांगा

गोदाकाठ: काल शेजारच्या गोठ्यात कडबाकुट्टी चालू होती. पोरगं पेंढी हाताने आत रेटत होतं. मी ओरडलेच, "हात काढ आधी!" वडिलांचा उजवा अंगठा नि शेजारचं बोट अशाच यंत्रात गेलं, १९९८ ला. दुसऱ्याकडे रोजाने होते. मालकाने टाके घालून आणलं, वर "लक्ष कुठं होतं तुझं?" वडीलही शेवटपर्यंत तेच म्हणायचे, माझीच चूक. शर्टाची बटणं आई लावून द्यायची.

रानवारा: मळणी यंत्र. आत्याचा पदर. पुढचं लिहवत नाही.

सई_म: बोट तुटलं तर स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. आमच्याकडे थेट बर्फात घातलं, जोडता आलं नाही. दीर होते.

उसाचंपाचट: आईवडील ऊसतोडीला जायचे. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं मोजतात. आईच्या नडगीवर वार बसला, तिने साडीची चिंधी आवळून मोळ्या गाडीपर्यंत नेल्याच. आगाऊ उचल घेतलेली, खाडा केला की मुकादम पैसे कापणार. जखम महिनाभर चिघळली. मी तेव्हा फडातच खेळायचो

बाळू७७: बाबा हमाल. ५० किलोची पोती. मणका गेला. हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा, पण बाबांची माथाडी बोर्डात नोंदणीच नव्हती

सई_म: @गोदाकाठ नसलेलं बोट दुखायचं का त्यांना? दिरांचं थंडीत फार ठणकतं

गोदाकाठ: हो गं! रात्री उठून हात चोळत बसायचे. आम्हाला वाटायचं भास होतोय.

सई_म: भास नाही, नसा दुखतात. दिरांना गोळी दिलीय, उतार आहे.

कायदेवाला: गोदाकाठ ताई, जरा उशिरा लिहितोय, कोर्टात होतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत यंत्रावरचं शेतकामही होतं. दारू प्यायला होता, सूचना मुद्दाम मोडली, असं काही असेल तरच मालक सुटायचा. नुसतं लक्ष नव्हतं म्हणून नाही. दावा मात्र दोन वर्षांत लावायचा असे. वडिलांची चूक धरलीच नसती.

रानवारा: आत्याच्या वेळी कुणीच सांगितलं नाही हे

गोदाकाठ: दादा, तुमचं चारदा वाचलं. आई ओट्यावर बसलीय, तिला वाचून दाखवते.