मदत हवी आहे: खांदा दुखत असताना ओव्हरहेड (डोक्यावर वजन नेण्याचे व्यायाम) कसं सुरू करू?

मी लोकांच्या घरी जाऊन व्यायामाचं ट्रेनिंग देते. एका काकांच्या (वय ५२) उजव्या खांद्यात सुप्रास्पिनेटसचा (हात वर उचलायला मदत करणारा खांद्याचा स्नायू) पार्शल टेअर, म्हणजे अर्धवट फाटणं, आहे, एमआरआय झालाय, ऑपरेशन नाही, फिजिओ म्हणाले स्ट्रेंग्थ करा, दुखेल ते टाळा, झालं! हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशात टोचतं, त्याच्या वर परत ठीक. रात्री दुखत नाही, मुंग्या नाहीत. फ्लोअर प्रेस (जमिनीवर झोपून वजन वर ढकलणं), बँड रोइंग (बँड स्वतःकडे ओढणं), एक्स्टर्नल रोटेशन (हात बाहेरच्या बाजूला फिरवणं) आरामात जमतं, लॅटरल रेज (हात बाजूने वर उचलणं) मात्र अंगठा वर ठेवून जरा पुढून केलं तरी टोचतं म्हणून बंद केलं. सामान फक्त बँड आणि ५ किलोपर्यंत डंबेल, त्यामुळे लँडमाइन प्रेस (एक टोक जमिनीवर टेकवलेला बारबेल वर ढकलणं) सांगू नका. दुखणं १० पैकी २-३ असेल आणि दुसऱ्या दिवशी वाढत नसेल तर त्या ६० ते १२० अंशाच्या टप्प्यातून हलकं वजन नेऊ द्यावं, का आधी वॉल स्लाइडवरच (भिंतीला टेकवून हात वर सरकवणं) थांबावं?