मदत हवी आहे: बोराच्या जळक्या बियांवरून मुक्कामाचा ऋतू सांगता येतो का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात पुरातत्त्वात एम. ए. करते. प्रबंधासाठी मध्याश्मयुगातल्या (शेती सुरू होण्याआधीच्या) शिकारी-संकलक लोकांच्या एका मुक्कामावरची माती तपासते आहे. माती बादलीत ढवळायची, वर तरंगलेला कोळसा-बिया अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धरायच्या, सावलीत वाळवायच्या, मग सूक्ष्मदर्शकाखाली कण न् कण बघायचा. न जळलेल्या बिया बाजूलाच काढते, कारण आपल्या मातीत त्या बहुतेक अलीकडच्या, मुंग्या-उंदरांनी आत नेलेल्या असतात.

चुलीजवळच्या नमुन्यांत सगळ्यात जास्त निघाल्या त्या बोराच्या बिया. बोरं पिकतात थंडीत. त्यावरून मी मसुद्यात लिहिलं, की ही माणसं हिवाळ्यात इथे राहत आणि एरवी दुसरीकडे फिरत.

मग चैत्रात जुन्नरला गेले, तर आजीने डब्यातून बोरकूट काढून दिलं. बोरं उन्हात खडखडीत वाळवायची, कुटायची, बिया चुलीत. म्हणजे पौषातली बी चैत्रातही जळू शकते! मूठभर बिया मी तिथेच चुलीत टाकून पाहिल्या. निखाऱ्यावर पडल्या त्यांची राख झाली, राखेखाली दबल्या त्या काळ्या होऊन सुरकुत्यांसकट शाबूत राहिल्या. अगदी माझ्या नमुन्यांसारख्या.

हा प्रश्न नुसता ऋतूचा नाही. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ ल्युइस बिनफर्डने 1980 मध्ये दोन तऱ्हा मांडल्या: काही लोक अख्खं बिऱ्हाड उचलून अन्नाजवळ जातात, तर काही मुक्काम ठेवून टोळ्या पाठवतात, अन्न आणून साठवतात. बोरं वाळवलेली असतील तर माझी माणसं दुसऱ्या तऱ्हेकडे झुकतात आणि निष्कर्षच उलटतो.

ताज्या आणि वाळक्या बोराची जळकी बी वेगळी ओळखता येते का? आणि करांद्यासारखे कंद बिया मागे ठेवत नाहीत, ते कसे शोधायचे?

– रानमेवा

*

ताई, नुसत्या बीवरून नाही सांगता येणार. वाळताना आकसतो तो गर, बीचं कवच आधीच लाकडासारखं असतं. गर चिकटून जळलेला एखादा तुकडा मिळाला तर तो जपा.

एकाच फळावर ऋतू ठरवू नका. इस्रायलमधलं ओहालो-2 हे शिकारी-संकलकांच्या मुक्कामाचं ठिकाण बघा: 1989 मध्ये गालील सरोवराचं पाणी उतरलं तेव्हा उघडं पडलेलं, सुमारे 23,000 वर्षांपूर्वीचं. तिथे वसंतात पिकणारं रानटी सातू आणि शरदातली फळं दोन्ही मिळाली, म्हणून एकाहून अधिक ऋतूंचा मुक्काम मानतात. पण धान्यही साठवता येतंच, त्यामुळे हाडांची जोड हवी. तुमच्याकडे हरणाच्या पाडसांचे दात असतील तर ते कितपत उगवलेत यावरून पाडसाचं वय, आणि त्यावरून ते कुठल्या महिन्यात मारलं याचा अंदाज लागतो. दात कोणी साठवून ठेवत नाही.

कंदांसाठी पाट्या-वरवंट्याच्या खाचांत अडकलेले पिष्टकण (स्टार्चचे सूक्ष्म कण) बघा. दगड धुतलेत का? धुतले की ते कण निघून जाऊ शकतात.

– मातीचा वास

*

दादा, मनापासून आभार. दोन पाटे धुवून झालेत. तिसरा अजून मातीसकट पिशवीत आहे, त्याला हात लावत नाही. उद्या आधी दातांचं खोकं उघडते.

– रानमेवा