पाय घसरतात त्यावर थोडं

एकाने विचारलंय की कायनेक्टवर (मायक्रोसॉफ्टचा अंतर मोजणारा कॅमेरा, त्यावर माणसाची हालचाल टिपून ॲनिमेशनला देतात) रेकॉर्ड केलेलं कॅरेक्टर चालताना पाय जमिनीवरून घसरतात आणि बाजूला वळलं की हात भलतीकडेच जातो, तर दुसऱ्याचं कारण सरळ आहे, एकच कॅमेरा असला की शरीरामागे गेलेला हात त्याला दिसतच नाही, मग सॉफ्टवेअर अंदाजाने सांधा कुठेतरी ठेवून देतं. उपाय म्हणजे दुसरा कॅमेरा तिरका लावायचा. पण २०१० वाला जुना कायनेक्ट इन्फ्रारेड ठिपके टाकतो आणि दोघांचे ठिपके एकमेकांत मिसळतात, त्यावर एक भारी युक्ती आहे, एका कॅमेऱ्याला छोटी व्हायब्रेशन मोटर चिकटवायची, त्याला स्वतःचे ठिपके स्थिर दिसतात आणि दुसऱ्याचे पुसट होतात. खरंच चालतं हे!

पायाचं म्हणाल तर तळवा आणि जमीन कॅमेऱ्यापासून जवळजवळ एकाच अंतरावर, त्यामुळे घोटा सतत थरथरतो. म्हणून सगळ्यावर जोरात स्मूदिंग (थरथर गुळगुळीत करणारा फिल्टर) मारू नका प्लीज, उडी मारून टेकतानाचा तो झटका निघून जातो आणि माणूस पाण्यात चालल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा टाच टेकल्याची फ्रेम शोधा, पाय उचलेपर्यंत तिथेच लॉक करा आणि गुडघा आयकेने (इन्व्हर्स किनेमॅटिक्स, म्हणजे पायाच्या जागेवरून गुडघा किती वाकेल ते काढणं) सोडवा. वेळ लागतो, पण शरीराचं वजन तिथेच दिसतं.