मदत हवी आहे : आठ इंची ई-रीडर घ्यावा की दहा इंची?

पाटीपेन्सिल : गेली आठ वर्षे मी सहा इंची ई-रीडर वापरतो आहे आणि आता त्यावर वाचणे अशक्य झाल्यामुळे मोठ्या पडद्याचा घ्यायचा आहे. आठ इंची घ्यावा की दहा इंची, एवढेच सांगावे. शनिवारपर्यंत निर्णय करायचा आहे.

घाटमाथा : अशक्य म्हणजे नेमके काय झाले आहे? अक्षर लहान दिसत असेल, तर ते मोठे करण्याची सोय त्याच यंत्रात असते.

पाटीपेन्सिल : तसे करता आले असते, तर धागा कशाला काढला असता? राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले दुर्मिळ ग्रंथ आहेत, आणि वडिलांच्या कपाटातले दिवाळी अंक मी स्वतः स्कॅन केले आहेत. अर्थातच सगळे पीडीएफ आहे, म्हणजे पानांची चित्रे; त्यातले अक्षर वेगळे मोठे करता येत नाही.

निवांत : हे 'अर्थातच' आम्हाला कसे कळावे? नवा खर्च करण्याआधी केओरीडर हे ई-रीडरवर चालणारे वाचनाचे सॉफ्टवेअर वापरून पाहावे. ते स्कॅन केलेल्या पानातले शब्द चित्रासारखे कापून पडद्याच्या रुंदीत नव्याने मांडते.

घाटमाथा : मी हा उद्योग करून चुकलो आहे. छपाई फिकट असली की वरचे रफार निराळी ओळ समजून तोडले जातात आणि 'सर्व'चे 'सव' होते. ओव्यांचे चरण तर कुठेही मोडतात.

निवांत : तुमचे स्कॅनच वाईट असणार. माझी तीस-पस्तीस पुस्तके अशीच वाचून झाली आहेत.

सांजवेळ : मी तर प्रवासात पुस्तके ऐकतो. डोळ्यांना त्रासच नाही.

कंपोझिटर : पडद्याआधी मूळ पान मोजा. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराचे पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचे असते. समास कापले की मजकूर साधारण चार बाय साडेसहा उरतो, आणि आठ इंची (म्हणजे कर्णात आठ इंच) पडदा जवळजवळ पाच बाय साडेसहाचा असल्यामुळे तो मजकूर मूळ आकारात मावतो. दिवाळी अंकांचे पान मात्र बहुधा मोठे असते.

पाटीपेन्सिल : आताच पट्टी लावून पाहिले. ग्रंथ आपण म्हणता तसेच आहेत, पण अंकांतला दोन रकान्यांचा मजकूर सहा बाय आठ भरला.

कंपोझिटर : मग आठ इंचीचा विचार सोडा. दहा इंचीचा पडदा सव्वासहा बाय सव्वाआठच्या आसपास असतो.

घाटमाथा : दहा इंचीतही किंडल स्क्राइब पाहावा, कारण त्यात इंचाला 300 ठिपके आहेत आणि साधारण त्याच आकाराच्या कोबो एलिप्सात 227; बारीक टायपातल्या जोडाक्षरांना तो फरक जाणवतो.

निवांत : स्कॅनच दीडशे ठिपक्यांचे असले, तर पडद्याचे तीनशे काय करणार? शिवाय दहा इंची स्क्राइबचे वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या वर आहे. आडवे पडून वाचताना हातातून सुटला की थेट नाकावर येतो.

पाटीपेन्सिल : मी टेबलाशी बसून वाचतो आणि स्कॅन तीनशेचेच केले आहेत. पेन नसलेले स्वस्त मॉडेल मिळते का? मला लिहायचे नाही.

घाटमाथा : स्क्राइबसोबत पेन येतेच.

सांजवेळ : पेनाने शब्दकोडी छान सुटतात.