कॅरेबियन किनाऱ्यावर काय खाल्लंत? अनुभव लिहा

फेब्रुवारीत बार्बाडोस आणि त्रिनिदाद करतोय. हॉटेलातला बुफे नको आहे. वाळूजवळ बाकडी, कागदी ताटली, समोर चूल, अशा ठिकाणी जे जेवलेत त्यांनी लिहा. काय आवडलं नाही तेही सांगा. बायको शाकाहारी आहे, त्यामुळे तिच्यासाठीचे पदार्थही येऊ द्या.

ठाण्याहून : बार्बाडोसचं ऑयस्टिन्स, शुक्रवारची रात्र. २८ जून २०२४, दुसऱ्या दिवशी केन्सिंग्टन ओव्हलवर टी-ट्वेन्टीची फायनल, त्यामुळे निम्मी रांग निळ्या जर्सीतली आणि अधूनमधून मराठी शिव्याही ऐकू येत होत्या. मार्लिनचा जाड तुकडा निखाऱ्यावर, सोबत मॅकरोनी पाय (चीज घालून भट्टीत भाजलेली मॅकरोनी). टेबलावर पिवळा पेपर सॉस असतो, त्यात मोहरी आणि स्कॉच बॉनेट मिरची. मी कोल्हापूरचा जावई असल्याच्या गुर्मीत चमचाभर ओतला. पुढची दहा मिनिटं नाक पुसत होतो, पण सॉस उत्तम!

कूकू आणि फ्लाइंग फिश मात्र दुपारी दुसरीकडे खाल्लं. मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात शिजवत लाकडी दांड्याने घोटतात. आपल्या उकडीसारखं लागतं, जरा बुळबुळीत. माशाच्या सुरळ्या टोमॅटो-कांद्याच्या पातळ रश्श्यात. भेंडीचा बुळबुळीतपणा नको असेल तर या वाटेला जाऊ नका. फायनल सात धावांनी जिंकली आणि बेरिल वादळाने अडकवलं. त्या वादळात कोळ्यांच्या खूप बोटी फुटल्या.

न्यू जर्सीहून : मराकस, त्रिनिदाद. पोर्ट ऑफ स्पेनहून डोंगर ओलांडून जायचं. तळलेल्या फुगीर बेकमध्ये (मैद्याचा पुरीसारखा पाव) शार्कचा तळलेला तुकडा घालून देतात, पुढचं तुम्ही भरायचं. चिंचेचा सॉस, लसणाचा सॉस, कोबी, अननस, आणि शॅडो बेनीची हिरवी चटणी. तिचा वास कोथिंबिरीचाच, फक्त फार उग्र. हावरटासारखं सगळं भरलं तर बेक फुटतो आणि ओघळ कोपरापर्यंत येतो. शार्क मी खात नाही, त्यांची संख्या घटते आहे. किंगफिश मागा, आपल्या सुरमईच्या भावकीतला.

नाशिकहून : वहिनींसाठी. त्रिनिदादमध्ये डबल्स: हळद घातलेले दोन मऊ "बारा" (मैद्याच्या तळलेल्या पुऱ्या), मध्ये छोल्यांची उसळ. बहुतेक ठिकाणी सकाळीच संपतात. "स्लाइट पेपर" (तिखट सॉस थोडाच) म्हणा, तेवढं पुरे. १८४५ पासून भोजपुरी पट्ट्यातून गिरमिटिये (करारावरचे मजूर) गेले, म्हणून डाळपुरी आणि आलू-चणाही मिळतो. कलालू अळूच्या पानांचंच, नारळाचं दूध आणि भेंडी घालून, पण त्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेली डुकराची शेपटी असते. मी दोनदा विचारून मगच घेतलं. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं, हेही बघा.

लंडनहून : तुमच्या यादीत जमैका नाही, तरी लिहिते. हेलशायरला मासा आपण निवडायचा, पौंडावर भाव, मग अख्खा तळून वर व्हिनेगरमधला कांदा-गाजर-मिरची. सोबत गोडसर फेस्टिव्हल (मक्याच्या पिठाचे तळलेले लांबट गोळे) आणि नारळाच्या दुधात भिजवून तळलेली बॅमी, म्हणजे कसाव्याची (साबुदाण्याच्या कंदाची) चपटी भाकरी. बॅमीवर मी फिदा आहे. भाव आधी ठरवा. आम्ही ठरवला नाही, एका टपरीने परदेशी चेहरे पाहून बिल फुगवलं आणि नवरा भांडायला उठला तर म्हणे, मासा खाऊन झालाय ना? किनाऱ्याची वाळूही बरीच वाहून गेली आहे, फोटो पाहून जाऊ नका.

रत्नागिरीहून : भाऊ सेंट व्हिन्सेंटला बोटीवर होता, त्याच्याकडे गेले होते. तिथे नीरफणस अख्खा विस्तवावर ठेवतात, साल कोळसा होईपर्यंत. सोलून फोडी, सोबत तळलेला जॅकफिश. ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ताहितीहून नीरफणसाची रोपं आणली, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालायला. आमच्याकडे कापं तव्यावर तांदळाच्या रव्यात घोळवून होतात, ती मला जास्त आवडतात, पण विस्तवाचा धुरकट वास त्यांना नाही. बार्बाडोसमध्येही नीरफणस मिळतो. वहिनींना हा नक्की चालेल, फक्त नुसत्या लोण्याबरोबर मागा, नाहीतर वर खारा मासा कुस्करून आणतात.