ग्रेटफुल डेडच्या जुन्या कॅसेट संगणकावर घेण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या मामांनी अमेरिकेत असताना जमवलेल्या, ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या मैफलींच्या चाळीस कॅसेट आता धरमपेठेतील आमच्या घरी आहेत. हा बँड श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करू देत असे, १९८४ पासून तर त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवत असे. त्यामुळे या मैफली प्रतीवरून प्रत होत जगभर पोहोचल्या, मात्र दर प्रतीगणिक खरखरही वाढत गेली.

८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या, मला अतिशय प्रिय असलेल्या मैफलीच्या दोन प्रती माझ्याकडे आहेत. त्यांपैकी एक अर्ध्या स्वराने चढी वाजते, तर दुसरी त्याच डेकवर (कॅसेट वाजवण्याच्या यंत्रावर) योग्य पट्टीत वाजते. म्हणजे दोष डेकचा नसून प्रतीचा आहे. तो डेकची गती बदलून दुरुस्त करावा की नंतर संगणकावर? तसेच, डॉल्बी बी (खरखर कमी करणारी सोय) लावल्यावर आवाज दबत असेल, तर आधी हेडचा, म्हणजे फितीवरील ध्वनी वाचणाऱ्या भागाचा, कोन जुळवावा का?

नागपूरच्या उन्हाळ्यात काही कॅसेटमधील, फीत हेडवर दाबून धरणाऱ्या दाबपट्ट्यांचा गोंद सुटला आहे. शहरात कॅसेट डेक जाणकारीने दुरुस्त करणारे कोणी असल्यास कृपया कळवावे.